खदानीतील गिट्टी आघाताला किती टिकते, हे कसे मोजावे

यवतमाळ-अमरावतीकडच्या खदानींतील काळी गिट्टी वरून एकसारखी दिसली, तरी घट्ट बेसॉल्ट आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा बेसॉल्ट यांची आघात सोसण्याची ताकद वेगळी असते. म्हणून रस्त्याच्या कामाआधी भारतीय मानक आयएस २३८६ (भाग ४) मधील आघातमूल्य चाचणी, म्हणजे ठोक्यांनी गिट्टीचा किती टक्के चुरा होतो हे पाहणारी चाचणी, करावी.

१२.५ मि.मी. चाळणीतून गळून १० मि.मी. चाळणीवर राहणारी गिट्टी १०० ते ११० अंश सेल्सिअसला चार तास वाळवून थंड करावी. नमुना ढिगाच्या एकाच बाजूने उचलू नये, कारण ट्रॉली रिकामी होताना मोठे खडे पायथ्याशी घरंगळतात. मोजण्याचे धातूचे भांडे (माप) या गिट्टीने तीन थरांत, प्रत्येक थराला दांड्याचे २५ ठोके देत भरावे, वरची गिट्टी सपाट करून वजन घ्यावे.

हीच गिट्टी आघात चाचणीच्या यंत्राच्या पोलादी कपात घालून पुन्हा २५ ठोक्यांनी बसवावी आणि १३.५ ते १४ किलोचा हातोडा ३८० मि.मी. उंचीवरून १५ वेळा सोडावा; दोन आघातांत किमान एक सेकंद जाऊ द्यावा. खरी गोम इथेच आहे. हातोड्याच्या मार्गदर्शक दांड्यांवर गंज किंवा धूळ असली, तर आघात मंदावतो आणि कच्चा दगडही पक्का ठरतो.

नंतर २.३६ मि.मी. चाळणीतून गळालेल्या चुऱ्याचे मूळ वजनाशी शेकडा प्रमाण काढावे: ३५० ग्रॅममागे ६३ ग्रॅम चुरा म्हणजे १८ टक्के. चुरा आणि उरलेली गिट्टी यांची बेरीज मूळ वजनापेक्षा एका ग्रॅमहून अधिक कमी भरल्यास ती चाचणी रद्द समजावी. दोन चाचण्यांची सरासरी घ्यावी. काँक्रीट रस्त्याच्या पृष्ठभागासाठी ती ३० टक्क्यांवर जाता कामा नये.