डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ खेळताना या चुका टाळा

डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ हा कुस्तीचा व्हिडिओ गेम. भाचा सुट्टीला आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणतो, "मामा, रेसलिंग लाव ना." गेल्या वेळी तो सलग सात मॅच हरला आणि कंट्रोलर गादीवर टाकून म्हणाला, "ह्याचं त्रिकोणाचं बटण गेलंय." बटण ठणठणीत होतं. मी मघापासून त्याच्या अंगठ्याकडेच बघत होतो. समोरचा नुसता दोन पावलं पुढे सरकला तरी हा त्रिकोण टकाटक बडवायचा. खरा फटका येताना डोक्यावर बटणाचा इशारा उमटायचा, तेव्हा अंगठा नेमका वर उचललेला असायचा.

रिव्हर्सल, म्हणजे समोरच्याचा डाव त्याच्यावरच उलटवणं, बडवून मिळत नाही. प्लेस्टेशनवर त्रिकोण दाबून धरला तर ब्लॉक होतो, इशारा दिसताक्षणी एकदाच दाबला तर डाव उलटतो. जुन्या खेळाडूंची गडबड वेगळीच असते. ह्याच मालिकेतल्या २के१६ पासून २के२० पर्यंतच्या गेममध्ये रिव्हर्सल मोजून मिळायची, त्यामुळे ती राखून वापरायची सवय हाताला लागली. २के२२ मध्ये ती मर्यादा काढून टाकली आहे. राखून ठेवण्यात काही फायदा नाही, इशारा आला की उलटवा.

कॉम्बोत, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या वारांच्या साखळीत, सापडल्यावर मात्र ती तोडणारा ब्रेकर लागतो, आणि निम्म्या लोकांना तो माहीतच नसतो. चौकोन म्हणजे हलका फटका, फुली म्हणजे जोरदार, गोल म्हणजे पकड. समोरच्याचा पुढचा वार ह्या तिन्हींपैकी कोणता असेल ते ओळखून तेच बटण आपण दाबायचं. जुळलं की कॉम्बो तिथेच तुटतो. माझा भाचा तिसरा वार कायम फुलीचाच मारायचा. हे एकदा लक्षात आल्यावर त्याचा एकही कॉम्बो मी पुरा होऊ दिला नाही, आणि मग चिडून का होईना, तो वार बदलायला शिकला. सुरुवातीला ड्रू गुलाक हा रेसलर शिकवतो ते ट्रेनिंग वगळू नका. वीसेक मिनिटांत हे सगळं हातात बसतं.

फिनिशर, म्हणजे रेसलरचा लढत संपवणारा खास डाव, लागत नाही, ही नेहमीची तक्रार. आर-टू धरून फुली हा फिनिशर, आर-टू धरून चौकोन ही सिग्नेचर (त्याच्या खालोखालचा खास डाव), इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण प्रत्येक फिनिशरची जागा ठरलेली असते: समोरून, मागून, कोपऱ्यात, खाली पडलेल्यावर. आपल्या रेसलरची जागा क्रिएशन मेन्यूतल्या मूव्ह-सेटमध्ये (डावांच्या यादीत) आधी बघून घ्या. आणि फिनिशरचा मीटर भरला म्हणून दुसऱ्याच मिनिटाला फिनिशर उडवू नका. ताज्या दमाचा माणूस पिनमधून (खांदे जमिनीला दाबून धरले तरी) सहज उठतो आणि तुमचा साठा फुकट जातो.

पीसीवर मॅच पाण्यात चालल्यासारखी संथ वाटते का? बहुतेक जण तेव्हा कंट्रोलर बदलायला जातात. दोष फ्रेमचा असतो. मशीनला सेकंदाला ६० फ्रेम पेलल्या नाहीत की ह्या मालिकेत चित्र अडखळत नाही, अख्खा खेळच हळू होतो. सावल्या, रिफ्लेक्शन आणि रिझोल्यूशन खाली आणा. लॅपटॉप असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेम वेगळ्या ग्राफिक्स कार्डावरच चालतोय ना, ते तपासा. गेम उघडतच नसेल तर प्रोसेसर बघा. गेमला एव्हीएक्स ह्या आज्ञासंचाची सोय असलेलाच प्रोसेसर लागतो, शिवाय किमान ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड आणि डिस्कवर ६० जीबी जागा.

प्रत्येक मोड (खेळायचा प्रकार) वेगळं काही मागतो

नुसतं जिंकत सुटायचं आणि मोड सोपा की अवघड एवढंच बघायचं, ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

शोकेस ह्या मोडमध्ये जिंकणं दुय्यम आहे. तिथे रे मिस्टेरियो ह्या रेसलरच्या गाजलेल्या लढती आहेत, सुरुवात १९९७ च्या हॅलोवीन हॅवॉक ह्या कार्यक्रमातल्या एडी गरेरोविरुद्धच्या लढतीपासून. पडद्यावर सांगितलेली कामं सांगितल्या जागी, सांगितल्या पद्धतीनेच करायची. काहींना वेळेची मर्यादा असते आणि ती हुकली की त्यावरचं बक्षीसही जातं. मायराइझमध्ये, म्हणजे आपल्या रेसलरची कारकीर्द घडवायच्या मोडमध्ये, घाईने पुढच्या टप्प्यावर गेलात तर मागच्या काही कथा कायमच्या बंद होतात. आधी बाजूच्या कथा संपवा, मग पुढे जा.

मायफॅक्शन ह्या पत्ते जमवून संघ बांधायच्या मोडसाठी जुनी डिस्क घेणाऱ्यांनी सावध राहावं. ह्या मोडला ऑनलाइन जोडणी लागते आणि २के२२ चे सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले. इतरांनी बनवलेले रेसलर डाउनलोड करायची सोयही त्याबरोबर गेली. सेकंडहँड दुकानात कोणी तेवढ्यासाठी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

मायजीएमवर माझा जीव आहे, आणि लोक सगळ्यात लवकर सोडून देतात तोही हाच. इथे तुम्ही रेसलर नसता, कार्यक्रम लावणारे असता. पहिली चूक ड्राफ्टमध्येच, म्हणजे सुरुवातीला रेसलर निवडतानाच, होते: सगळे पैसे दोन मोठ्या नावांवर उधळले जातात आणि त्यांच्यासमोर उभा करायला माणूसच उरत नाही. प्रत्येक रेसलरचा एक प्रकार ठरलेला असतो: फायटरसमोर ब्रुझर, जायंटसमोर क्रूझर अशी जोडी जमते, त्यातही एक फेस (सज्जन) आणि एक हील (खलनायक) हवा. दोन जायंट समोरासमोर ठेवले तर नावं कितीही मोठी असोत, रेटिंग पडतं. म्हणून माणसं जोडीनेच घ्या.

दुसरी चूक दमाची. लढत झाली की स्टॅमिना घसरतो, न लढवलं की भरून येतो. भाच्याने त्याचा चॅम्पियन चार आठवडे ओळीने मुख्य लढतीला उतरवला होता. त्याचं प्रतिस्पर्ध्याशी वैर शिगेला पोचलं होतं, प्रेक्षक खूश होते, आणि मोठ्या इव्हेंटच्या तोंडावर चॅम्पियन जखमी झाला. महिनाभर तापवलेलं वैर वाया गेलं. पुढच्या हंगामात आम्ही आधी कागदावर आठवडे आखले आणि इव्हेंटच्या दिवसापासून मागे मोजत आलो: कोणत्या आठवड्यात लढत, कोणत्यात नुसता प्रोमो (माइकवरचं भाषण). इव्हेंटच्या आधीच्या आठवड्यात वैर असलेल्या त्या दोघांना एकमेकांच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही, नुसतं माइकवर बोलू द्यायचं.