स्टार ट्रेकची कालरेषा कशी जुळवायची

‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या मालिका आणि चित्रपटांतल्या घटना सालवार लावायच्या तर आधी पाच रकान्यांचा तक्ता आखा: कथेतलं वर्ष, स्टारडेट (पात्रं तारखेऐवजी सांगतात तो आकडा), प्रथम प्रसारणाची तारीख, नेमका संवाद आणि शेरा. संवाद सबटायटल बघून शब्दशः उतरवा. आठवणीतून लिहिला की ‘सुमारे’ किंवा ‘अंदाजे’ हमखास गळतं, आणि अख्खं गणित त्याच शब्दावर अडलेलं असतं. मूळ मालिकेच्या ‘स्पेस सीड’ या भागात (१९६७) विसाव्या शतकातला हुकूमशहा खान अंतराळात गोठलेल्या झोपेत सापडतो. तो किती काळ झोपला होता याचं उत्तर जहाजाचा कप्तान कर्क ‘अंदाजे दोन शतकं’ असं देतो. त्याची सत्ता संपली त्या १९९६ मध्ये दोनशे मिळवून २१९६ काढाल तर फसाल. गोल आकड्यावरून साल कधीच काढू नका.

मग खुंट्या ठोका. जिथे वर्ष स्पष्ट उच्चारलं जातं तीच खुंटी. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या ‘द न्यूट्रल झोन’मध्ये (१९८८) डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी २३६४ हे साल सांगतो, स्टारडेट ४१९८६.०. कर्कची पाच वर्षांची मोहीम २२७० मध्ये संपली, हे ‘व्हॉयेजर’च्या ‘क्यू टू’मध्ये (२००१) कळतं. व्हल्कन या परग्रहवासीयांशी माणसाचा पहिला संपर्क ५ एप्रिल २०६३ चा. बाकीच्या नोंदी या खुंट्यांना बांधा.

स्टारडेटचं वर्ष करायला १००० ने भागा आणि २३२३ मिळवा. ‘व्हॉयेजर’ ४८३१५.६ ला सुरू होतं, म्हणजे २३७१. हे सूत्र ‘नेक्स्ट जनरेशन’, ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’पुरतंच आहे. मूळ मालिकेच्या चार आकडी स्टारडेटला ते लागू नाही. २००९ च्या चित्रपटात तर स्टारडेटचे पहिले चार आकडे हेच साल असतं.

सूत्र बसतं तिथेही ‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या सीझनमध्ये जपून. जहाजावरची सुरक्षा अधिकारी ताशा यार ‘स्किन ऑफ इव्हिल’मध्ये मरते, स्टारडेट ४१६०१.३. ‘द आर्सेनल ऑफ फ्रीडम’ची स्टारडेट ४१७९८.२, आणि त्यात ती जिवंत, कामावर हजर! तक्ता स्टारडेटनुसार लावला तर मेलेली माणसं चालू लागतात. ‘आर्सेनल’ दोन आठवडे आधी प्रसारित झाला होता, म्हणून या सीझनपुरता प्रसारणाचा क्रम वरचढ धरा आणि शेऱ्यात तसं लिहा.

विसंगती सापडली की सगळ्यात साधा खुलासा आधी तपासा. १९८२ च्या चित्रपटात खान कर्कच्या जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखतो, पण चेकॉव्ह पडद्यावर आला मूळ मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे ‘स्पेस सीड’नंतर. जहाजावर चारशेहून अधिक माणसं. तो ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, नसला तरी जहाजावर असू शकतो. शिवाय चेकॉव्ह असलेल्या ‘कॅट्सपॉ’ची स्टारडेट ३०१८.२, तर ‘स्पेस सीड’ची ३१४१.९. मूळ मालिकेच्या स्टारडेटवर फार भार टाकू नये, पण इथे ती बाजूनेच बोलते. एवढ्यावर थांबा. समांतर विश्व आणायची गरज नाही. वेगळी शाखा फक्त पडद्यावर दाखवली असेल तेव्हाच काढा, जशी २००९ च्या चित्रपटात २२३३ मध्ये केल्विन जहाजावरच्या हल्ल्यापासून फुटते.

काही नोंदी गणितातून सरळ बाद करा. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्याच भागात डेटा आपली पदवी ‘७८ च्या तुकडीची’ सांगतो. तेव्हा २३६४ ठरलेलंच नव्हतं, आणि २३७८ तर त्याच्याही पुढे. ही ओळ खोडू नका. शेऱ्यात ‘खुंटीपूर्वीची’ असं लिहा.

क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या कपाळावरच्या उंचवट्यांसाठी मात्र आपली कल्पना चालवू नका. १९६० च्या दशकात सपाट कपाळं, १९७९ पासून उंचवटे, आणि २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने विषाणूचा खुलासा दिला. पडद्यावर उत्तर मिळालं की प्रश्न बंद.

राहता राहिला खानच्या सत्तेचा काळ. ‘स्पेस सीड’मध्ये त्याची सत्ता १९९२ ते १९९६ अशी आहे. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेने २०२३ मध्ये काळातल्या ढवळाढवळीमुळे हा इतिहास पुढे ढकलला गेल्याचं कथेतच सांगितलं. दोन ओळी ठेवा, प्रत्येकीपुढे प्रसारणाचं वर्ष लिहा आणि दुसरीच्या शेऱ्यात पहिलीचा क्रमांक टाका.