मुंबईच्या कापसातून गुलामगिरीचा माग कसा काढावा

मुंबईतील उद्योगांच्या इतिहासावर लघुप्रबंध लिहिणारे विद्यार्थी बहुधा गिरण्यांपासून सुरुवात करतात. परंतु अमेरिकेतील गुलामगिरीशी या शहराचा आर्थिक संबंध तपासायचा असेल, तर आधी कच्चा कापूस हाती घ्यावा. १८६१ पूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई आणि तो मुख्यतः गुलामांच्या श्रमावर पिके. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे रोखली, तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला.

गुलामांच्या व्यापारातील नफ्यावर ब्रिटनचे औद्योगिकीकरण कितपत उभे राहिले, हा प्रश्न वेगळा असून त्यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. तो याच प्रबंधात कोंबू नये.

पुराव्याचा गाभा म्हणजे भावांचा तक्ता. लिव्हरपूलचा भाव रत्तलामागे (पौंडामागे) पेन्समध्ये, तर मुंबईचा खंडीमागे रुपयांत दिलेला असतो. कापसाची खंडी ७८४ रत्तलांची आणि त्या काळचा रुपया साधारण २४ पेन्सांचा. म्हणून पेन्समधील भावाला ७८४ ने गुणून २४ ने भागावे. १२ पेन्सांचा भाव म्हणजे खंडीला ३९२ रुपये. मात्र त्यात जहाजभाडे, विमा व दलाली धरलेली असल्याने ही सगळी रक्कम मुंबईच्या विक्रेत्याच्या पदरात पडली, असे मुळीच लिहू नये. लिव्हरपूलच्या सूचीत ‘सुरत’ या नावाने येणाऱ्या भारतीय मालात खानदेशी कापूसही असे. आखूड धाग्यामुळे या मालाला अमेरिकी कापसापेक्षा कमी भाव मिळे, त्यामुळे सुरतची तुलना सुरतशीच करावी.

सरकारी दफ्तरासाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जावे, आणि युद्धापूर्वीची दोन-तीन वर्षेही मागवावीत. त्यांच्याविना भाववाढ मोजायला पायाच उरत नाही.

निष्कर्ष काढताना सर्वाधिक जपावे लागते. कापूस व शेअर बाजारातील व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरकडे बोट दाखवून ‘हा गुलामांच्या घामाचा पैसा’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत मुंबईला मिळालेला नफा गुलामांनी पिकवलेल्या कापसाचा नव्हता, तर तो कापूस येईनासा झाल्यामुळे झालेला होता. हा फरक ज्या प्रबंधात नाही, तो माझ्या मते पुन्हा लिहावा.

गिरण्यांचे श्रेयही युद्धाला देता येत नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी काढणाऱ्या कावसजी नानाभाई दावर यांची कंपनी १८५४ सालची, म्हणजे युद्धापूर्वीची. उलट तेजीच्या काळात महागलेल्या कापसाने स्थानिक गिरण्यांची अडचणच केली, आणि हाती आलेला पैसा मुख्यतः शेअर व समुद्रभरणीच्या कंपन्यांत गेला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरताच अनेक पेढ्या बुडाल्या. तक्ता मात्र तिथे थांबवू नये. तो १८७० च्या दशकापर्यंत न्यावा, कारण गिरण्यांची झपाट्याने वाढ त्या दशकात झाली.