स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचारांचे पर्यवेक्षण: काय पाहावे, कसे पाहावे

स्वमग्न मुलांसाठीच्या वर्तन-विश्लेषणावर आधारित उपचारांत, म्हणजे ज्यांना सगळे एबीए म्हणतात त्या उपचारांत, काम बहुधा दोन पातळ्यांवर चालते. मुलासोबत रोज बसतो तो थेरपिस्ट, आणि मुलाची पाहणी करून उद्दिष्टे ठरवणारा, पद्धत आखणारा व निर्णयांची जबाबदारी घेणारा तो वर्तन-विश्लेषक. बहुतेक ठिकाणी हाच पर्यवेक्षकही असतो. या रचनेतली अडचण उघड आहे. ज्याला मुलाबद्दल निर्णय घ्यायचे असतात तो मुलाला कमी वेळ पाहतो, आणि जो त्याच्यासोबत सर्वाधिक वेळ असतो त्याचे प्रशिक्षण तुलनेने कमी असते. ही दरी भरून काढण्याचे काम पर्यवेक्षणाचे आहे, आणि ते सत्राच्या खोलीत बसूनच होते. फाइलवरच्या सहीने किंवा महिनाअखेरच्या बैठकीने ते होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेल्या बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाच्या नियमांनुसार नोंदणीकृत थेरपिस्टला आधी ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि पुढे त्याच्या दरमहाच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास पर्यवेक्षणाखाली जावे लागतात. महिन्याला ८० तास काम असेल तर हे अवघे ४ तास होतात. हे प्रमाण थेरपिस्टच्या पर्यवेक्षणाचे आहे. त्या मुलाची योजना तपासणे, नोंदी वाचणे, पद्धत बदलणे, पालकांशी बोलणे हे काम त्याहून मोठे असते, आणि त्यासाठी दर १० तासांच्या थेट उपचारामागे १ ते २ तास धरावेत, असा या क्षेत्रातला रूढ संकेत आहे. थेरपिस्ट नवा असेल, मूल नुकतेच दाखल झाले असेल किंवा स्वतःला इजा करण्यासारखे वर्तन असेल, तर त्याहूनही जास्त वेळ द्यावा. हे तास वेळापत्रकात आधीच नावानिशी राखून ठेवावेत, कारण आठवडा गर्दीचा झाला की सर्वांत आधी कात्री लागते ती यांनाच.

सत्र पाहायला जाण्यापूर्वी त्या मुलाची योजना पुन्हा वाचावी आणि प्रत्येक उद्दिष्टाची व्याख्या कसोटीला लावावी. ‘मूल आक्रमक होते’ ही व्याख्या नव्हे. ‘उघड्या किंवा मिटलेल्या हाताने, अथवा पायाने, दुसऱ्या व्यक्तीच्या शरीराला मारणे किंवा मारण्यासाठी हात-पाय उगारणे’ अशी नोंद असेल, तर मुलाला कधीही न पाहिलेली व्यक्तीसुद्धा घटना मोजू शकेल. व्याख्या पुरेशी नेमकी आहे की नाही, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पर्यवेक्षकाने आणि थेरपिस्टने एकच सत्र एकाच वेळी, एकमेकांच्या कागदात न डोकावता नोंदवणे. दहा प्रयत्नांपैकी सातच जुळले तर सहमती ७० टक्के होते. ती ८० टक्क्यांखाली गेली की आधी व्याख्या आणि नोंदीची पद्धत दुरुस्त करावी, त्या आकड्यांवरून मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये. जे वर्तन क्वचितच घडते तिथे टक्केवारी फसवी असते, हेही लक्षात ठेवावे. दोघांनीही बहुतेक रकान्यांत ‘घडले नाही’ लिहिले म्हणून आकडा वर जातो, घडलेल्या मोजक्या प्रसंगांवर मात्र एकमत नसते. अशा वेळी केवळ घडलेल्या प्रसंगांचीच सहमती वेगळी काढावी.

प्रत्यक्ष सत्रात डोळे कुठे ठेवायचे, हे शिकायला वेळ लागतो. एक उदाहरण घेऊ. टेबलावर तीन चित्रे मांडली आहेत, थेरपिस्ट ‘कप दाखव’ म्हणते, मूल बरोबर कपाच्या चित्रावर बोट ठेवते, आणि नोंदवहीत ‘मदतीशिवाय’ अशी खूण होते. सलग कित्येक सत्रे यश ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पर्यवेक्षकाने चित्रांऐवजी मुलाची नजर पाहिली तर कळते, की ती चित्रांवर नाहीच, थेरपिस्टच्या हातावर आहे. सूचना देताना थेरपिस्टचा हात नकळत बरोबर चित्राकडे दोन बोटे सरकतो आणि तिची नजरही तिकडेच वळते. मूल हुशारीने हाताचा माग काढायला शिकले आहे, ‘कप’ हा शब्द शिकलेले नाही. थेरपिस्टने खोटी नोंद केलेली नाही, तिला जे दिसले ते तिने लिहिले. यावर उपाय साधा आहे: हात मांडीवर ठेवावेत, दर वेळी चित्रांच्या जागा बदलाव्यात, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावी, आणि तोच प्रश्न दुसऱ्या व्यक्तीने, चित्राऐवजी खऱ्या कपासह, दुसऱ्या खोलीत विचारून पाहावा. कागदावरच्या ९० टक्क्यांतून यातले काहीच दिसत नाही, म्हणूनच नोंदी कितीही नीटनेटक्या असल्या तरी त्या सत्र पाहण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पाहणीसाठी एक छोटी तपासयादी असावी आणि तिच्यात फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असाव्यात: मुलाचे लक्ष असताना सूचना दिली का, ती एकदाच दिली का, ठरलेले सेकंद थांबूनच मदत केली का, योग्य प्रतिसादानंतर लगेच त्या मुलाला आवडणारी गोष्ट मिळाली का, नोंद त्याच क्षणी झाली का. मुलाचा आलेख सपाट दिसला की योजना बदलण्याची घाई होते, पण ती योजना मुळात ठरल्याप्रमाणे राबवली जात होती का, हे आधी पाहिले पाहिजे. पाचपैकी तीनच पायऱ्या पाळल्या जात असतील, तर तो आलेख योजनेबद्दल काहीही सांगत नाही. पायऱ्या नीट पाळल्या जात असूनही प्रगती थांबलेली असेल, तर मात्र बदल करावा, आणि किती सत्रे वाट पाहायची हे योजनेतच आधी लिहून ठेवावे. नाहीतर ‘अजून थोडे पाहू’ म्हणता म्हणता मुलाचे महिने जातात.

थेरपिस्टला नवी पद्धत शिकवताना केवळ समजावून सांगणे पुरत नाही. पद्धत थोडक्यात सांगावी, स्वतः करून दाखवावी, त्याच्याकडून करवून घ्यावी आणि लगेच अभिप्राय द्यावा. ठरलेल्या पातळीवर जमेपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. अभिप्राय त्याच दिवशी द्यावा, पालकांसमोर किंवा मुलासमोर टोचून देऊ नये, आणि तो नेमका असावा. ‘छान झाले’ या शब्दांतून काहीच शिकता येत नाही. ‘तुम्ही पाच सेकंद थांबलात, म्हणून त्याने स्वतःहून मागितले’ यातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळते. चूक पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी कारण शोधावे. कौशल्यच नाही, साहित्य हाताशी नाही, एका सत्रात खूप उद्दिष्टे कोंबली आहेत, की नीट केल्याची दखलच कुणी घेत नाही? पहिल्या कारणावर प्रशिक्षण हा उपाय आहे, बाकीच्या तिन्हींवर नाही, आणि थकलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला बसवणे अन्यायाचेच आहे.

कठीण वर्तनाच्या बाबतीत पर्यवेक्षकाने सर्वांत जास्त सावध असावे. मूल अचानक डोके आपटू लागले, चावू लागले, तर आधी दात, कान, पोट आणि झोप यांची वैद्यकीय तपासणी सुचवावी, कारण ज्याला शब्दांत सांगता येत नाही त्याचे दुखणे वर्तनातूनच बाहेर पडते. त्यानंतर ते वर्तन मुलाला काय मिळवून देते याचा शोध घ्यावा: लक्ष, एखादी वस्तू, नकोशा कामातून सुटका, की शरीराला हवी असलेली संवेदना. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या शोधाची प्रायोगिक पद्धत मांडली. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवले, की त्याच हेतूसाठी संवादाचा सोपा मार्ग शिकवला तर त्रासदायक वर्तन कमी होते. तेव्हा ‘हे थांबवा’ एवढीच सूचना असलेली योजना पर्यवेक्षकाने मंजूरच करू नये. मुलाला सुटका हवी असेल तर ‘थांबूया’ हे शब्दाने, खुणेने किंवा कार्डाने सांगायला शिकवावे, आणि सुरुवातीला प्रत्येक वेळी ते मान्य करावे. वर्तनाला मिळणारा प्रतिसाद काढून घेतल्यावर काही काळ ते वाढू शकते. हे थेरपिस्टला आणि पालकांना आधी सांगितलेले असावे, आणि त्या वाढीत इजा होण्याची शक्यता असेल तर हा मार्ग घेऊच नये.

या शास्त्राच्या इतिहासाकडेही डोळेझाक करता येत नाही. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासामुळे लहान वयातल्या सघन उपचारांना मोठी चालना मिळाली, पण त्यांच्या पद्धतीत शिक्षेचाही वापर होता. लहानपणी असे उपचार घेतलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी पुढे उघडपणे सांगितले आहे, की जबरदस्तीची नजरानजर आणि निरुपद्रवी हालचाली दडपणे त्यांना क्लेशदायक होते. त्यांचे म्हणणे पर्यवेक्षकाने आपल्या कामाचा भाग म्हणून ऐकले पाहिजे. हात हलवणे, गोल फिरणे, डोळ्यांत न पाहता बोलणे यांपासून कुणालाही धोका नसेल, तर ती ‘कमी करायची वर्तने’ म्हणून योजनेत आली की खोडून टाकावीत. याबाबत मला तडजोडीला जागा दिसत नाही. सत्र पाहताना मुलाची संमतीही पाहावी. मूल खोलीत आनंदाने येते का, तोंड फिरवते का, साहित्य दूर सारते का, थेरपिस्टच्या जवळ स्वतःहून जाते का, याची नोंद इतर नोंदींइतकीच नियमितपणे ठेवावी, आणि नकार वाढत असेल तर काम थांबवून योजना पुन्हा आखावी.

पालकांना उद्दिष्टे ठरवतानाच सोबत घ्यावे, कारण उद्दिष्ट महत्त्वाचे आहे का, पद्धत स्वीकारार्ह आहे का आणि परिणाम समाधानकारक आहे का, हे ज्यांच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे त्यांनीच सांगायचे असते. सत्रात शिकलेले घरी आपोआप उतरेल, हेही गृहीत धरू नये. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ मध्येच बजावले होते, की असा विस्तार मुद्दाम आखावा लागतो. वेगवेगळ्या व्यक्ती, जागा आणि साहित्य सुरुवातीपासूनच योजनेत असावे, आणि पालकांना शिकवताना थेरपिस्टसाठी वापरलेले तेच चार टप्पे वापरावेत.

पर्यवेक्षण व्हिडिओद्वारे होत असेल तर पालकांची लेखी संमती, चित्रफिती कुठे ठेवल्या जातील आणि कधी पुसल्या जातील याची स्पष्टता, आणि अधूनमधून समक्ष भेट, एवढे तरी हवेच. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय घडते आहे ते पडद्यावर दिसत नाही.

उपचारांचे तास कमी करण्याचे आणि सेवा थांबवण्याचे निकष पहिल्याच योजनेत लिहावेत आणि दर सहा महिन्यांच्या आत ते उघडून पाहावेत. उद्दिष्टे साध्य होऊन घरी व शाळेत टिकत असतील, तर तास टप्प्याटप्प्याने कमी करावेत आणि मधल्या काळात नोंदी चालू ठेवाव्यात. योजना वारंवार बदलूनही मुलाला लाभ होत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा अधिक अनुभवी वर्तन-विश्लेषक यांचे मत घ्यावे आणि गरज असेल तर मूल त्यांच्याकडे सोपवावे. सोपवताना फाइल पाठवून मोकळे होऊ नये. निदान एक सत्र दोघांनी मिळून घ्यावे, म्हणजे मुलाच्या ज्या सवयी आणि इशारे कागदावर कधीच आले नाहीत, ते पुढच्या माणसाला समोर पाहता येतील.