इंग्रजी पत्रातला शेक्सपिअर ओळखायचा कसा

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं आणि इंग्रजी पत्रव्यवहार बघते. राहायला पंचवटीत. एका हंगामात इंग्लंडच्या आयातदाराने मणीगळीचा क्लेम लावून आमचे पैसे कापले. मी उत्तरात लिहिलं, आम्हाला फक्त आमचा 'पाउंड ऑफ फ्लेश' हवा आहे. हा वाक्प्रचार एका यादीतून पाठ केलेला. समोर अर्थ छापला होता 'हक्काचं येणं'. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. बोलणारे गृहस्थ रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. इतकं कडक का लिहिलंत, एवढंच विचारत होते.

त्या रात्री मी हा वाक्प्रचार जिथून आला, तो शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला खटल्याचा प्रवेश पहिल्यांदा वाचला. सावकार शायलॉकने दिलेलं कर्ज ३,००० डकॅट, म्हणजे सोन्याची नाणी. मुदत तीन महिने. मुदतीत फेडलं नाही, तर अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस कापून घ्यायचं, असा लेखी करार. भर न्यायालयात शायलॉक सुरीला धार लावतो. दुप्पट रक्कम पुढे केली तरी नको म्हणतो. म्हणजे येणं हक्काचं खरंच, पण समोरच्याच्या जिवावर उठून वसूल केलेलं. शायलॉकची सुरी मी आमच्या मालकांच्या हातात दिली होती. त्या दिवसापासून याद्या पाठ करणं बंद केलं आणि वही घातली. तुमचाही इंग्रजी पत्रव्यवहार असेल, तर ही वही जरूर ठेवा.

शब्द सगळे सोपे, पण वाक्य कळत नाही, असं झालं की थांबा. उदाहरणार्थ, कंटेनरचा शोध 'वाइल्ड गूस चेस' ठरला. रानबदकं इथे कुठून आली? असं वाक्य पूर्ण उतरवून घ्या, कुणी कशाबद्दल लिहिलं तेही. नुसता वाक्प्रचार टिपलात तर महिन्याभराने त्याचा उपयोग होत नाही.

मग मूळ जागा शोधा. शेक्सपिअरची सगळी नाटकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. फॉल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावर अंक, प्रवेश आणि ओळींचे आकडेही मिळतात. स्पेलिंग जुनं असू शकतं हे ध्यानात ठेवा. 'चकाकतं ते सारं सोनं नसतं' या म्हणीत आज 'ग्लिटर्स' म्हणतात, नाटकात 'ग्लिस्टर्स' आहे. ओळ सापडली की तिच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, आणि त्या क्षणी काय घडलंय, हे मराठीत लिहून काढा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण वाक्प्रचाराचं वजन इथेच कळतं.

'वन फेल स्वूप' घ्या. आज 'एका झटक्यात' एवढ्याच अर्थाने वापरतात. 'मॅकबेथ'मध्ये मॅकडफला बातमी कळते की त्याची बायको आणि पोरं मारली गेली. तो पुन्हा पुन्हा विचारतो, सगळी? माझी सगळी पिल्लं आणि त्यांची आई, एकाच झडपेत? तिथे घार आहे, आणि 'फेल' म्हणजे क्रूर. पाच कंटेनर एका झटक्यात रवाना झाले, हे सांगायला हा वाक्प्रचार आज कुणी चूक म्हणणार नाही. पण मॅकडफला वाचल्यापासून आनंदाच्या बातमीत तो लिहायला माझा हात धजत नाही.

त्यानंतर आजचा अर्थ शब्दकोशात पडताळा, कारण चारशे वर्षांत अर्थ सरकतात. 'फोरगॉन कन्क्लूजन' ऑथेल्लोच्या तोंडी येतं ते 'आधीच घडून गेलेली गोष्ट' अशा अर्थाने. आज त्याचा अर्थ 'आधीच ठरलेला निकाल'. 'वाइल्ड गूस चेस' मुळात घोड्यांची शर्यत होती, पुढच्या घोड्यामागे बाकीच्यांनी बदकांच्या थव्यासारखं धावायचं. आज तो निष्फळ शोध. माझ्या वहीत त्यापुढे आहे 'मृगजळामागे धावणं'. 'ज्युलियस सीझर'मधल्या कास्काच्या 'इट वॉज ग्रीक टु मी'पुढे 'डोक्यावरून गेलं'. शब्दाला शब्द ठेवू नका. आपल्या घरात त्या प्रसंगी काय म्हणतात ते ऐका.

'हे शेक्सपिअरनेच घडवलं' असं मात्र लगेच लिहू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी एकोणिसाव्या शतकात वाचकांनी पुस्तकं वाचून उतारे पाठवले. शेक्सपिअर बारकाईने वाचला गेला, म्हणून कित्येक शब्दांपुढे पहिलं नाव त्याचं लागलं. 'लव्ह इज ब्लाइंड' त्याच्या दोनशे वर्षं आधी कवी चॉसरने लिहिलेलं आहे. मी लिहिते, 'शेक्सपिअरमध्ये आढळतं'. त्याने त्याचं मोल कमी होत नाही. तो १६१६ साली गेला, आणि १६२३च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, ३६ नाटकं छापली गेली. त्यातली १८ त्याआधी छापलेलीच नव्हती, 'मॅकबेथ' आणि 'ज्युलियस सीझर'सुद्धा. ते पुस्तक निघालं नसतं, तर मॅकडफची घार आणि कास्काचं ग्रीक दोन्ही आपल्यापर्यंत पोचलं असतं का, सांगवत नाही.

नाटकातलं वाक्य रोजच्या बोलण्यात कसं उतरतं, हे नाशिककराला वेगळं समजवावं लागत नाही. आपल्या शिरवाडकरांनी 'किंग लिअर'वरून स्फूर्ती घेऊन १९७० साली 'नटसम्राट' दिलं. आज गंगापूर रोडला भाड्याची खोली शोधणारा पोरगाही 'कुणी घर देता का घर' म्हणून जातो. त्याने नाटक पाहिलेलं असेलच असं नाही. पण पाहिलेल्याला त्या वाक्यामागे बेलवलकर दिसतात. इंग्रजी वाक्प्रचारामागेही तसाच माणूस दिसेपर्यंत वाचा.

सध्या माझं पान 'सी चेंज'वर अडलं आहे. 'द टेम्पेस्ट'मध्ये एरिअल गातो की बुडालेल्या बापाच्या हाडांची पोवळी झाली, डोळ्यांचे मोती झाले. मराठीच्या रकान्यात मी 'कायापालट' लिहिलंय. पण त्यात समुद्र येत नाही, म्हणून ते अजून पेन्सिलनेच आहे.