बेरियात रुळायचं कसं

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात निघालात ना? मग पुस्तकांच्या आधी कामाचं बघा. इथे 1892 पासून ट्यूशन फी नाही, पण प्रत्येकाला आठवड्याला किमान 10 तास काम करावंच लागतं. पहिल्या वर्षी कॉलेज देईल ते घ्या. मेसमध्ये भांडी वाट्याला आली तर नाक मुरडू नका. घरी स्वतःचं ताट न उचलणारी आपली मुलं तिथे लवकर सरळ होतात, हे मी पाहिलंय! पुढे मात्र आवडीचं काम मागा. झाडू बांधायचं काम मिळालं तर सोडू नका. 1920 पासून विद्यार्थी ते हाताने करतात आणि लोक ते झाडू हौसेने विकत घेतात. न कळवता दांडी मारू नका, कामाचंही मूल्यमापन होतं.

'ख्रिस्ती कॉलेज' म्हटलं की आईबाबा धास्तावतात. त्यांना इतिहास सांगा. गुलामगिरीविरोधी जॉन फी यांनी 1855 मध्ये हे सुरू केलं. पुढे काळे-गोरे एका वर्गात शिकले. 1904 च्या राज्याच्या कायद्याने हे एकत्र शिकणं बंद पाडलं, 1950 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. कॉलेज कुठल्याही एका पंथाचं नाही. खोलीत छोटा गणपती खुशाल ठेवा, फक्त उदबत्ती पेटवू नका. धुराचा अलार्म वाजला तर अख्खं वसतिगृह थंडीत बाहेर.

ऑक्टोबरात 'माउंटन डे'ला वर्ग नसतात, सगळे जवळच्या पिनॅकल्स नावाच्या टेकड्या चढतात. चपला नकोत, बूट घाला आणि पहाटेच निघा.