दोन खोल्या आणि स्वयंपाकघर: कोणती खोली कशी लावावी

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील पाच-सहाशे चौरस फुटांच्या सदनिकेत सजावटीचा विचार बहुधा रंगांच्या कार्डापासून आणि सोफ्याच्या छायाचित्रांपासून सुरू होतो. त्यात खर्च भरपूर होतो, घर छायाचित्रात चांगलेही दिसते, पण रोजच्या वापराला अडचणीचे राहते. त्याऐवजी उजेड कोठून येतो, ओल कोठे धरते आणि घरातील माणसे कोणत्या वाटेने जा-ये करतात, हे आधी पाहावे. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून आपोआप ठरतात.

उजेड आणि ओल

मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो भर दुपारी किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. म्हणून दक्षिणेची खिडकी ऐन उन्हाळ्यात फारसा त्रास देत नाही; तिच्यातून ऊन येते ते हिवाळ्यात, आणि ते हवेसेही असते. खरा ताप पश्चिमेच्या खिडकीचा. तेथे जाड पडदा लावला तरी काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते, त्यामुळे जागा असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूला बांबूची चिक सोडावी आणि आत साधा सुती पडदा ठेवावा. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड मिळतो. अभ्यासाचे टेबल तिच्याजवळ मांडावे.

पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येत असल्याने पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. भिंतीवर डाग दिसल्यास रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे आणि बाहेरून गिलाव्याच्या भेगा व गळके पाइप दुरुस्त करून घ्यावेत. थेंब बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या, बाजूला असतील तर खोलीतील दमट हवा भिंतीवर थंड होत आहे आणि उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे. पाऊस संपल्यावर भिंत वाळायला काही आठवडे लागतात. दिवाळीपूर्वी रंग उरकण्याच्या हौसेपायी ओल्या भिंतीवर पुट्टी चढते आणि पुढच्या पावसाळ्यात तिचे पोपडे निघतात. अशा भिंतीला वॉलपेपर तर मुळीच लावू नये, कारण त्याच्यामागे बुरशी निर्धास्त वाढते.

बैठकीची खोली

आपल्याकडे हॉल ही केवळ बसण्याची जागा नसते. तेथेच पाहुणे झोपतात, मुले अभ्यास करतात, गणपती बसतो. म्हणून प्रवेशद्वारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि बाल्कनीपर्यंत किमान अडीच ते तीन फूट रुंदीची वाट मोकळी सोडावी आणि उरलेल्या जागेतच फर्निचर बसवावे. सोफा मागवण्याआधी त्याच्या मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरून दोन दिवस त्याभोवती वावरून पाहावे. दहा फूट रुंदीच्या खोलीत तीन फूट खोलीचा सोफा, त्यापुढे दीड फुटाचे अंतर, मग मधले टेबल आणि समोर टीव्हीचे कपाट, असा हिशेब मांडला की इंग्रजी एल आकाराच्या सोफ्याचा मोह बहुधा आपसूक ओसरतो. खाली खण असलेला दिवाण आणि दोन हलक्या खुर्च्या ही जुनी मांडणी अशा खोलीत आजही जास्त सोयीची ठरते.

फॉल्स सीलिंगबद्दल दोन शब्द स्पष्ट सांगायला हवेत. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि आपल्या अनेक इमारतींत ती त्याहून फार जास्त नसते. त्यातून सहा-आठ इंच काढले की पंखा खाली येतो आणि खोली दबल्यासारखी वाटते. वायरी झाकायच्याच असतील तर भिंतीच्या कडेने अरुंद पट्टा करावा आणि मधले छत मोकळे ठेवावे.

छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब लावली की सगळ्या वस्तू सपाट दिसतात. बैठकीत ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर उजेडाचे दोन-तीन लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवावेत आणि झाडलोट, निवडणे-टिपणे यांसाठी एक पांढरा दिवा वेगळ्या बटणावर असू द्यावा. दिवे विकत घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचावा. ६५०० केल्विनचा निळसर प्रकाश दुकानाला शोभतो, घराला नाही.

भिंतीवरच्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. वारली चित्र लावायचे असल्यास स्टिकरपेक्षा कापडावर हाताने काढलेले एक चित्र घ्यावे. ही चित्रे मुळात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती कागदावर आणि कापडावर सर्वदूर पोहोचली. त्यामुळे मागची भिंत मातकट रंगाची आणि चमक नसलेली असेल तर चित्र उठून दिसते, गुळगुळीत लस्टर रंगावर ते परके वाटते. उशांच्या अभ्र्यांना खणाचे कापड वापरायचे तर दोन-तीन अभ्र्यांवरच थांबावे.

स्वयंपाकघर

सजावटीच्या खर्चाचा मोठा वाटा येथे जावा असे माझे मत आहे. ओट्याची उंची मिस्त्रीच्या सवयीने ठरू देऊ नये. जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते तिने हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याचा माथा येईल असे माप घ्यावे. बहुतेकांसाठी ते ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान येते. ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच बरा, कारण पांढऱ्या संगमरवरावर हळद डाग सोडते आणि लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्याची झिलई जाते.

ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे खण करून त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवण्याची पद्धत आता जुनाट मानली जाते, पण तिला पाणी, वाळवी आणि झुरळे यांचा उपद्रव कमी होतो. प्लायच वापरायचे असेल तर सिंकखाली आणि आजूबाजूला मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारे, प्लाय लावून घ्यावे. त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असतो. आयएस ३०३ चा शिक्का असलेले प्लाय वरच्या कपाटांना पुरते. शिक्का पाहायचा तो प्लायचे पत्रे घरात येतात तेव्हाच, कारण एकदा सनमायका चढला की आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. कापलेल्या सर्व कडांना, विशेषतः न दिसणाऱ्या खालच्या कडांना, एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, केले आहे का, हे बोट फिरवून तपासावे. प्लाय फुगायला तेथूनच सुरुवात होते.

छतावरचा दिवा आपल्या पाठीमागे असल्याने चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, ४००० केल्विनची एक पट्टी लावली की हा त्रास संपतो. मिक्सरसाठी प्लग ओट्याच्या कोपऱ्यात, सिंकपासून दूर घ्यावा.

देवघर बहुतेक घरांत येथेच किंवा हॉलच्या कोपऱ्यात असते. निरांजनाची ज्योत लहान असली तरी तिची काजळी आणि ऊब वर साठते, म्हणून देवघराचे छत सनमायक्याचे आणि बुटके करू नये. वर दीड-दोन फूट मोकळीक आणि मागे टाइल किंवा दगड असावा, म्हणजे काजळी ओल्या फडक्याने निघते. वाती, उदबत्त्या आणि काडेपेटीसाठी खाली एक उथळ खण पुरे.

झोपण्याची खोली आणि बाथरूम

दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय सव्वासहाचा पलंग आणि दोन फूट खोलीचे कपाट समोरासमोर आले की मध्ये जेमतेम दोन फूट उरतात. तेव्हा कपाटाला सरकती दारे करावीत किंवा पलंग पाच फूट रुंदीचा घ्यावा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. टाळता येत नसेल तर मागे दोन इंच हवा सोडावी, नाहीतर रेशमी साड्यांना पावसाळ्यात बुरशी लागते. बाकी या खोलीत जितके कमी तितके चांगले.

बाथरूमच्या जमिनीला खरबरीत टाइल लावावी. उतार न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे, आहे की नाही, हे टाइल बसवत असतानाच बादलीभर पाणी ओतून पाहावे.

बाल्कनी आणि कामाचा क्रम

बाल्कनी बंदिस्त करून हॉल वाढवण्याआधी महापालिकेची परवानगी लागते आणि सोसायटीचीही संमती घ्यावी लागते. मोकळी ठेवल्यास कपडे वाळवण्याची दोरी छताजवळ कप्पीवर घ्यावी, म्हणजे खाली तुळस आणि दोन खुर्च्या राहतात. भिजलेल्या मातीचे वजन लक्षात घेऊन मोठ्या कुंड्या कठड्याशी न ठेवता भिंतीच्या बाजूने ठेवाव्यात.

कामे नळ, वायरिंग, टाइल, सुतारकाम आणि रंग या क्रमाने करावीत. वायरिंगसाठी भिंत फोडण्याआधी पलंग, टीव्ही, फ्रिज आणि मिक्सर यांच्या जागा खडूने भिंतीवर आखून घ्याव्यात. पडद्यांचे रॉड आणि चित्रांचे खिळे यांसाठी भोके पाडून झाल्यावरच रंगाचा शेवटचा हात द्यावा, आणि उरलेल्या रंगाचा डबा त्यावरच्या शेडच्या क्रमांकासह माळ्यावर जपून ठेवावा.